ओल्या भिंतीची खोली

काळ्या मातीची भिंत बांधू नये, हे यवतमाळ जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते नोकरीच्या चौथ्या वर्षी कळलं. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतल्या. आजोबा तहसिलीत, वडील शिक्षण खात्यात आणि मी पंचायत समितीत कनिष्ठ अभियंता. मातीशी आमचा संबंध गणपतीपुरता, तोही मूर्ती विकत आणण्याचा. अशा माणसाला पुढे लोक 'मातीवाले साहेब' म्हणू लागले. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे निवृत्त होईपर्यंत मला नीटसं समजलं नाही.

माझं काम साधं होतं. सरकारी घरकुलं आणि शाळेच्या खोल्या यांची मापं घ्यायची, भिंती-छत बघायचं आणि काम पूर्ण झालं असं लिहून सही करायची. घरकुल म्हणजे विटांची एकेरी भिंत आणि वर टिनाचे पत्रे. उन्हाळ्यात त्याची भट्टी होते हे सगळेच बोलतात. आमच्याकडच्या थंडीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. पौष लागला आणि उघड्या शिवारातून वारा सुटला की पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर ठिबकतं. घाटंजीच्या बाजूला एका म्हातारीच्या घरकुलाची पाहणी करायला गेलो, तर नव्या घरात शेळ्या बांधलेल्या आणि म्हातारी शेजारच्या जुन्या झोपडीत. मी जरा आवाज चढवून विचारलं, सरकारनं घर तुम्हाला दिलंय की शेळ्यांना?

"घर सरकारचं हाय साहेब, पन झोप माही हाय," ती म्हणाली. "तुमी एक रात झोपून पाहा ना तिथी."

मी झोपून पाहिलं नाही. पण वाकून तिच्या झोपडीत शिरलो. बाहेर माझे दात वाजत होते आणि आत मातीच्या भिंतीला पाठ लावून बसावंसं वाटत होतं. तिथूनच माझं डोकं फिरलं, असं माझी बायको अजून म्हणते.

शिकलो ते आत्राम मिस्त्रीकडून. तो कोलाम पोडावरचा, म्हणजे डोंगराकडच्या कोलामांच्या वस्तीवरचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, बोलायला कमी. मी काही चुकीचं बोललो की उत्तर न देता विडी शिलगवायचा. त्याच्याकडून जे उचललं ते बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. ती पिकाला ठेवायची. भिंतीला गावठाणातली पांढरी माती घ्यायची. तिच्यात गव्हाचा भुसा आणि शेण घालून आठ-दहा दिवस कुजू द्यायची आणि रोज पायांनी तुडवायची. पाया काळ्या थराच्या खाली मुरूम लागेपर्यंत खणायचा आणि दगडांनी भरायचा. वर बांबूचे वासे, वाशांवर बांबूचा तट्टा, तट्ट्यावर वाळल्या गवताचा जाड थर आणि मग कवेलू, म्हणजे मातीची कौलं. धुराला वाट मिळते आणि ऊब गवतात अडते.

भिंती दोन जातींच्या. पहिली कुडाची. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या पऱ्हाट्या, नाहीतर तुराट्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायच्या. बोटभर लिंपण असतं, आठवड्यात खणखणीत वाळतं. दुसरी भरीव मातीची, दीड हात रुंद. ती दिवसभराचं ऊन पोटात घेते आणि रात्री हळूहळू सोडते. थंडीसाठी हिच्या तोडीची भिंत मी पाहिली नाही. पण हातभर उंच उचलली की थांबायचं, ती वाळली की पुढचा हात. पूर्ण झाली की एक उन्हाळा खोली रिकामी सोडायची. कारण ओली भिंत उलटी वागते, वाळता वाळता खोलीतली ऊब खाते आणि माणसाला ओल देते.

हे सगळं मला माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं, चार ग्रामसभांत सांगून झालेलं होतं. पुढचं वाचताना मी अजाण होतो असं कुणाला वाटू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

नोकरी सांभाळून मी फुकट सल्ला द्यायला लागलो आणि फुकट म्हटल्यावर गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. यवतमाळचे एक डॉक्टर शेतावर मातीचं घर हवं म्हणून मागे लागले. महिनाभर माझं डोकं खाल्लं आणि शेवटी म्हणाले, "आतून सिमेंटच करू. माती फक्त बाहेरून दिसली पाहिजे, पाहुणे बाहेरूनच येतात." राजूरला एका निवृत्त खाणकामगाराला शेणानं सारवलेली, पांढऱ्या मातीनं पोतलेली खोली हवी होती. मी म्हटलं, तुमच्याकडे कोळशाची धूळ, आठ दिवसांत काळी पडेल. तो म्हणाला, "माह्या फुप्फुसात गेली तवा कोनी इचारलं नाई साहेब, भितीची कायले फिकीर करता?" त्याची खोली मी करून दिली. आठ दिवसांत काळी पडली आणि तो दर पंधरवड्याला ती पोतत बसला. अशी माणसं भेटली की नोकरीचा शीण जायचा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडलेले, खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग हलायला तयार नाही. ज्याला थांबणं जमत होतं तो कापूस घरात भरायचा आणि संक्रांतीनंतर भाव चढेल म्हणून वाट बघायचा. घरात म्हणजे अगदी राहत्या खोल्यांत, जमिनीपासून आढ्यापर्यंत. माणसं ओसरीत आली होती. कापसातले बारीक किडे अंगावर यायचे आणि लहान पोरं खाजवून खाजवून रक्त काढायची.

घाटंजीच्या पुढच्या एका गावातले वामनराव त्या दिवाळीनंतर माझ्या कचेरीत आले. शेतीभाती असलेला, गावात चार लोक ज्याचं ऐकतात असा माणूस. टोपी कडक, बोलणं त्याहून कडक. पण त्या दिवशी खुर्चीवर बसले ते टोपी हातात घेऊन.

"दोनी खोल्याईत कापूस हाय साहेब," ते म्हणाले. "सुनंदाले सातव्यात आनली. पोरीचं पह्यलंच बाळंतपन हाय, माहेरीच झालं पाह्यजे. पुसाच्या थंडीत ओसरीत निजवू का तिले?"

"एका खोलीतला कापूस विकून टाका," मी म्हणालो.

"या भावात? वर्सभराची मेहनत हाय ते, बाप्पा. तुमी एक लहान खोली करून द्या. उबदार पाह्यजे, बस. बाळंतीन अन् बाळ सवा महिना त्याईत राह्यलं पाह्यजे."

हातात दोन महिने होते. दोन महिन्यांत भरीव भिंत उभी राहते, वाळत नाही. मी दुसऱ्याच दिवशी आत्रामला घेऊन जागा बघायला गेलो. वामनरावांची बायको मैनाबाई पदर खोचून अंगणात आली, जागेवर नजर टाकली आणि म्हणाली, "कुडाची करा जी. पऱ्हाट्या पडून हाय वावरात. आठ दिवसात होते, अन् डबल लिंपलं का वारा येत नाई."

आत्रामनं मान हलवली. "बाई बराबर सांगून राह्यली साहेब. कूड घालतो. आतून गोनपाट लावतो. मस्त होते."

वामनरावांना ते खपलं नाही. "कुडाच्या खोलीत ठेवू का पोरीले? ढानकीचे लोक बाळ पाहाले येतीन, काय म्हनतीन? भितीची पाह्यजे." कूड म्हणजे मजुराचं घर, ही गावची समजूत. पोरीच्या सासरच्या माणसांसमोर वामनरावांना ते चालणार नव्हतं.

अशा वेळी नाही म्हणणं हेच माझं काम होतं. त्यासाठीच सरकार मला पगार देत होतं. पण त्या जानेवारीत जिल्ह्याचे मोठे साहेब मातीच्या बांधकामाचा नमुना बघायला येणार होते आणि माझ्याकडे दाखवायला डॉक्टरांचं बाहेरून मातीचं आणि आतून सिमेंटचं घर आणि राजूरची काळी पडणारी खोली, एवढंच होतं. दीड हात भिंतीची, कवेलूंची एक देखणी खोली मला हवी होती. वामनरावांना हवी होती तीच. दोघांचं जुळलं आणि मैनाबाईचं म्हणणं अंगणातच राहिलं.

"ही भित उन्हाळा मांगते साहेब," आत्राम हळूच म्हणाला.

"आत शेगड्या पेटवू. वाळेल," मी म्हणालो.

त्यानं विडी काढली. मी तिकडे न बघता दोरी धरून खुणा घालायला लागलो.

काम चांगलं झालं, हे आजही म्हणेन. आत्रामच्या हातात कसर नव्हती, घाई माझी होती. हातभर उचलल्यावर चार दिवस थांबायचं तिथं आम्ही दोन दिवस थांबलो. मार्गशीर्षात आभाळ भरून आलं आणि आठवडाभर ऊनच पडलं नाही, तरी थर चढत राहिले. वर कवेलू बसले, खिडकी बसली, आतून-बाहेरून लिंपण झालं. लिंपणावर चुना मारला. चुना मारला की भिंत कोरडी दिसते, हे मी धंद्यातलं गुपित म्हणून सांगतो आणि सांगताना लाज वाटते.

सुनंदाला कळा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी मी शेवटचं बघायला गेलो. आतल्या कोपऱ्यात खाली, गाडीच्या किल्लीनं भिंत कोरून पाहिली. नखभर पांढरं निघालं आणि त्यामागे ओलीनं काळपट झालेली, किल्लीला चिकटणारी माती. मी किल्ली रुमालानं पुसली. दारात वामनराव उभे होते.

"झाली ना साहेब?"

"झाली," मी म्हणालो. "शेगडी तेवढी चालू ठेवा."

बाळंतपण घाटंजीच्या दवाखान्यात नीट झालं. मुलगी झाली. पाचव्या दिवशी मायलेकी नव्या खोलीत आल्या. बाळंतिणीच्या खोलीत वारा शिरू द्यायचा नाही, ही आपली रीत. मैनाबाईनं खिडकीला गोधडी ठोकली, दाराला दुसरी लावली आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिच्या आईनं केलं होतं तसंच तिनं केलं. कोरड्या खोलीत हीच रीत बाळाला जपते. या खोलीत शेगडी भिंतीतली ओल बाहेर काढत होती आणि त्या ओलीला जायला जागा नव्हती. पहाटे निखारे विझले की सगळी ओल गार होऊन अंथरुणावर बसत होती. मी खिडकी उघडी ठेवा म्हणून सांगायला हवं होतं. पण का उघडी ठेवायची, हेही मग सांगावं लागलं असतं.

आठव्या दिवशी मोठे साहेब आले. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नाही, म्हणून त्यांनी बाहेरूनच खोली पाहिली. बाहेरच्या भिंतीवर छान ऊन पडलं होतं. साहेबांनी तिच्यावर थाप मारली, "उत्तम" म्हणाले, वामनरावांबरोबर फोटो काढला. वामनराव टोपी नीट करून उभे राहिले. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. तो मला बारीक वाटला, घोगरा वाटला. मी गाडीत बसलो.

दोन दिवसांनी बाळाला खोकला झाला, मग धाप लागली. घाटंजीच्या दवाखान्यातून यवतमाळला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. बारशाच्या आदल्या दिवशी ती गेली. नाव ठेवायचं राहूनच गेलं.

मी भेटायला गेलो तेव्हा वामनराव ओसरीत बसले होते. "थंडीच लय होती औंदा," ते म्हणाले. मैनाबाईनं मला चहा दिला. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. मला वाटतं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. हे मी लिहितोय खरं, पण तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. सुनंदा त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती, तिला मी भेटलो नाही.

आत्रामनं नंतर माझ्याबरोबर काम केलं नाही. भांडला नाही, तो फक्त यायचा थांबला. पुढच्या मे महिन्यात ती भिंत पक्की वाळली आणि खोली खरोखर नामी झाली. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. लांबून लोक बघायला यायचे. मला प्रशस्तिपत्र मिळालं. बायकोनं ते चौकट करून दिवाणखान्यात लावलं. मी ते काढायला सांगितलं तेव्हा मला तिला कारण सांगता आलं नाही, म्हणून ते तिथंच राहिलं.

पुढे माझी बदली उमरखेड तालुक्यात झाली. मातीचं बांधकाम सुटलं नाही, पण बोलणं बदललं. हिवाळ्याआधी कुणी भरीव भिंत मागितली की मी कूड सुचवायचो. ऐकलं नाही तर कामच सोडायचो. लोक म्हणायचे, साहेब तिरसट झाले.

सात-आठ वर्षांनी ढाणकीजवळच्या एका खेड्यात घरकुलाची पाहणी होती. यादीत कुणा गजाननचं नाव होतं. गजानन वावरात गेला होता आणि मुलं शाळेत. नव्या विटांच्या घरासमोर त्याची बायको उभी होती. मी फाईल उघडत होतो तेव्हा ती म्हणाली, "वळखलं नाई का साहेब? मी वामनरावची सुनंदा."

मी तिला नीट असं कधी पाहिलंच नव्हतं. ओळखणार कुठून? तिनं अंगणात बाज टाकली, तिथल्याच चुलीवर चहा केला. वामनराव थकले, मायला गुडघ्यांचा त्रास आहे, असं सगळं सांगितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "एक इचारू? राग नका मानजा."

"विचारा."

"तवा ते भित वल्ली होती. तुमाले मालूम होतं का?"

या प्रश्नाची उत्तरं मी इतकी वर्षं तयार करून ठेवली होती. आभाळ भरून आलं होतं, थंडी जास्त होती, तुझ्या वडिलांनीच भिंत मागितली. मी हातातली फाईल मिटली.

"हो," मी म्हणालो. "माहीत होतं."

ती चुलीतली राख काडीनं सारखी करत राहिली.

"मले बी मालूम होतं," ती म्हणाली. "पोरगी निजली का मी रोज भितीले हात लावून पाहत होती. वल्ली लागे. सकाऊन हातरूनबी गार राहे. मी मायले म्हनलं, ओसरीत जातो. तं माय म्हने, साहेब खोली झाली म्हनून सांगून गेले, त्याईले समजते. मंग मले बी वाटलं, शिकलेले मानसं होय, आपल्याले काय समजते." तिनं काडी चुलीत टाकली. "माह्या हाताले समजत होतं साहेब. मी हाताचं ऐकलं नाई, तुमचं ऐकलं."

माफी मागायला मी तोंड उघडलं, पण ती उठली होती. "चाला, घर पाहा," म्हणत नव्या घरात शिरली. मी फाईल आणि पेन घेऊन मागे गेलो. रीतीप्रमाणे मी भिंती बघायच्या, ठोकायच्या, कोपरे तपासायचे. तिनं मला दाराशीच थांबवलं. आपला उजवा तळवा पहिल्या भिंतीवर ठेवला, जमिनीपासून वर न्यायला लागली, कोपऱ्यात वाकून बोटं फिरवली, खिडकीखाली बराच वेळ हात दाबून धरला. मग दुसरी भिंत, तिसरी. चौथ्या भिंतीशी दार आड येत होतं, ते ओढून तिनं मागची जागाही पाहिली. मी पेन धरून उंबऱ्याबाहेर उभा होतो.

हात लुगड्याला पुसून ती माझ्याकडे वळली.

"लिहा आता," ती म्हणाली.